थोरल्यांचा गेटपास

नवरा डबा घरीच विसरला, म्हणून शालन चिंचवडच्या त्याच्या कारखान्यावर आली, तर पासाच्या खिडकीशी तिच्या पुढे गावातल्या गिरजाबाई नारळ घेऊन उभ्या. आत नवा वॉचमन. शालन डबा कमरेवर टेकवून ऐकत राहिली.

“कुणाला भेटायचंय, मावशी?”

“माझ्या सासऱ्याच्या आज्याला.”

“कोणत्या खात्यात असतात?”

“पिंपळाखाली. थडगं हाय त्यांचं. तुमची भिंत मागनं आली.”

“अहो, पण पासावर नाव लागतं. साहेब तपासतात.”

“नाव दगडावर हुतं. आमीच दर सर्वपित्रीला शेंदूर लावून बुजवलं. लेक घराण्याची नावं वहीत उतरवतोय, त्यो बी तिथंच अडकलाय.”

“मग शेंदूर खरवडा की.”

“थोरल्यांच्या तोंडावर खुरपं चालवू व्हय?”

“नावाशिवाय मला आत सोडता येत नाही, मावशी.”

“मग टाका तुमीच एखादं.”

“बरं... रंगनाथ लिहितो.”

“हे कोण?”

“माझे वडील. चैतात गेले, तिकडं परभणीला. माझी नोकरी नवी, सुट्टी भेटली नाही. मातीला पोचलो नाही मी.”

“लिवलं का नाव?”

“लिहिलं.”

“मग उठा. नारळ तुमीच फोडायचा.”

“अहो, माझी ड्युटी...”

गिरजाबाई शालनकडे वळल्या.

“पोरी, जरा खिडकीकडं बघ गं. ह्यांचे वडील आत हायती, भेटवून आनते.”