कॉफी, राकिया आणि दुसरा आकडा

आदरणीय अध्यक्ष वुकोसाव, मंत्रालयातून मुद्दाम आलेल्या श्रीमती ओलिवेरा, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती डॉ. रादोय पेशिच, परिचारिका भगिनी आणि गरम कुंडातून थेट सभागृहात आलेल्या, केस अजून ओले असलेल्या रुग्णमित्रहो,

मी मिलुंका. या उपचारकेंद्राची आकडेमोड माझ्याकडे असते. डॉक्टर मला म्हणाले, "माझं कौतुक नको गं, तुझी ती चाचणी तेवढी सांग." आता नाही म्हणायची सोय आहे का? एका हाताला अध्यक्ष, दुसऱ्या हाताला मंत्रालय, आणि मंचावरून उतरायची वाट डॉक्टरांच्या खुर्चीपुढूनच!

तर सांगते. रुग्ण आला की विचारायचं, गुडघा शून्य ते दहात किती दुखतो? जाताना पुन्हा तेच. तुलना ज्याची त्याच्याशीच, शेजाऱ्याशी नाही. सरासरी मी घेतली नाही. एखादा नऊवरून एकदम शून्यावर येतो आणि बाकीच्यांनाही आपल्यामागे ओढून नेतो. म्हणून फरकांना लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमांक द्यायचे. दुखणं कमी झालेल्यांच्या क्रमांकांची बेरीज एकीकडे, वाढलेल्यांची दुसरीकडे. दोन्ही जवळपास सारख्या आल्या, तर कुंडाच्या पाण्यानं काही केलं असं म्हणता येत नाही. आमची दुसरी बाजू कोरीच राहिली, दुखणं वाढलं असं एकानंही सांगितलं नाही. वाजवा, टाळ्या वाजवा! चाचणीत खोट नाही, मीच केली आहे.

याच निकालावर श्रीमती ओलिवेरा आज सही करणार आहेत. ज्यांचा आकडा उतरला, त्यांची गुडघ्याची शस्त्रक्रिया रद्द.

पण हा दुसरा, जातानाचा आकडा घेतात कुठे? रुग्ण घरी जायच्या दिवशी, डॉक्टरांच्या खोलीत. आपल्या रिवाजाप्रमाणे रुग्ण कॉफीचं पाकीट आणि घरी गाळलेली फळांची दारू, राकिया, घेऊन जातो. डॉक्टर स्वतः पेले भरतात, पाठीवर हात ठेवतात आणि विचारतात, "काय मग, कसा आहे गुडघा?" तुम्हीच सांगा, तो पेला हातात धरून "तसाच आहे" असं कोण म्हणेल?

माझी आई देसांका इथे पहिल्या रांगेत बसली आहे. ती आली तेव्हा आठ म्हणाली, जाताना दोन. दारात मी तिला अक्षरशः उचलून गाडीत बसवलं. म्हटलं, "आई, दोन?" तर माझ्यावरच डाफरली, "मग त्या भल्या माणसाच्या तोंडावर आठ सांगू? लाज नाही वाटत तुला?"

मी डॉक्टरांना म्हटलं, पुन्हा विचारूया, दुसऱ्या कोणीतरी, कॉफीशिवाय. ते हसले. "तुझ्याच चाचणीवर तुझा विश्वास नाही होय? माझा निरोप समारंभ होऊ दे, मग बघू." पण तोवर सही झालेली असेल ना? आणि मला या माणसाबद्दल खरंच माया आहे. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात हेच रोज घरी यायचे. बोलू तरी कशी?

आई, तूच सांग. कसा आहे गुडघा?

"उत्तम! डॉक्टरसाहेबांची कृपा. मिलुंका, आटप आता, लोक ताटकळलेत."

ऐकलंत? मांडा हाही आकडा.

आटपते. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आता पुष्पगुच्छ. तो रुग्णांच्या वतीने देसांकाबाईंनी मंचावर येऊन द्यावा असं ठरलं होतं. त्यात थोडा बदल करते, त्याबद्दलही क्षमा असावी.

डॉक्टर, तुम्हीच खाली या. तिला या पायऱ्या चढता येत नाहीत.