सरकणारी गाठ

शॉमबर्गच्या कॅम्पिंगच्या दुकानात, बिलाच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं होतं. त्याच्या हातात नायलॉनची दोरी होती, तिच्या हातात निळी ताडपत्री.

“शनिवारचं कॅम्पिंग कॅन्सल कर, केदार. मला पुन्हा भिजायचं नाहीये.”

“मागच्या वेळी वारा होता गं.”

“वारा सगळ्यांनाच होता. ताडपत्री फक्त आपली पडली. इंडियाला जाताना बॅगा बांधतोस, तशी बांधली होतीस.”

“पण घट्ट होती ना?”

“इतकी, की दोरी भिजून सैल पडली तेव्हा पुन्हा ताणायला ती गाठ सुटेना. शेवटी चाकूने कापलीस!”

“म्हणून तर शिकलोय यार. ऑफिसात प्रिंटआउट काढून, कॉन्फरन्स कॉल चालू असताना. हे बघ. झाडाला पक्का फास, तो सरकत नाही. खुंटीला मात्र सरकणारी गाठ. समज, रांगेचा हा खांब म्हणजे खुंटी. दोरी त्याच्याभोवती नेली, मग आतून दोन वेढे आणि बाहेरून एक. दुसरं टोक मी धरतो, आता गाठ वर सरकव.”

“अरे, दोरी ताणली गेली!”

“सैल पडली की एवढंच करायचं. आता दोरी खेच. माझ्यावरच्या रागाने खेच.”

“गाठ घसरतेय, केदार.”

“नायलॉन गुळगुळीत असतं ना. आतून अजून एक वेढा हवा.”

“दे इकडे. मी घालते... आता?”

“खेच. अजून जोरात... अगं अगं, खांब पडेल!”

“पण गाठ हलली नाही.”

“नाही हलली.”

“शनिवारी खुंट्या मी बांधणार. तू फक्त झाडं बघ.”