सोबतीचं टेंडर

विहीण : पण व्याहीबुवा, तुम्हीच म्हणाला होतात ना, नुसती सोबत करायची आहे म्हणून?

व्याही : सोबतच म्हणालो होतो. मुलाखतीला सोबत म्हणून नेलेल्या माणसाने नोकरी घेऊन यायची नसते, विहीणबाई.

विहीण : मी कुठे आणली? मी इथे मटार सोलत बसले होते. ऑफिसचा माणूस दारात आला आणि म्हणाला, अभिनंदन बाई, सिटी बसचा सात नंबरचा रूट तुम्हाला मिळाला. मी म्हटलं, घर चुकलात, मी शाळेच्या व्हॅन चालवते. तर त्याने माझं नाव वाचून दाखवलं, वर यांचंही नाव वाचलं. गेलेल्या माणसाचं नाव कुणी दारात उभं राहून घेतलं, की नाही कसं म्हणायचं हो?

व्याही : बरं. आता मी काय सांगतो ते शांतपणे ऐका.

विहीण : मी शांतच आहे. तुम्हीच आल्यापासून उभ्याने फेऱ्या मारताय. बसा की.

व्याही : बसायला सवड नाही. म्हणजे काय की, टेंडरचा नियम असा, तिघांनी दर भरले नाहीत तर पाकिटं उघडतच नाहीत. म्हणून मी एक, माझा मेहुणा एक आणि तुम्ही एक. तुम्ही दोघांनी चढा दर मागायचा, मी बेताचा मागायचा. ज्याचा दर कमी, त्याचा रूट. वडिलांनी सुरू केलेली लाइन आमची आमच्याकडे राहायची. लहान मुलालाही कळेल इतकं सरळ होतं.

विहीण : सरळ होतं म्हणूनच तर मी डोळे मिटून सह्या केल्या. मला वाटलं, व्याही करताहेत म्हणजे विचार करूनच करत असतील.

व्याही : टोमणे नंतर मारा. मला एवढंच कळत नाही, सगळं नीट केलेलं असताना बिघडलं कुठे?

सूनबाई : चार बसमध्ये बिघडलं. चहा घ्या, बाबा.

व्याही : तू इथे? सकाळी तर घरी होतीस.

सूनबाई : आईचा फोन आला. म्हणाली, तुझे सासरे निघालेत म्हणून कळवलंय, आवाज बरा नव्हता. तुम्ही वाटेत पेट्रोल भरत होतात, मी रिक्षाने पुढे आले.

व्याही : बरं, आलीस तर आलीस. पण मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नकोस.

विहीण : बोलू दे हो. मला त्या चार बसचं अजून नीट कळलेलं नाही. तू सांग गं.

सूनबाई : टेंडर भरायला चार नव्या बस लागतात, आई. तुझ्याकडे तीन व्हॅन, त्याही शाळेच्या. म्हणून बाबांनी आपल्या चार नव्या बस तुला भाड्याने दिल्याचा करार केला.

विहीण : घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात. तुम्ही तर चार बस धाडल्यात.

व्याही : कागदावर धाडल्या. कागदावर.

सूनबाई : हो, पण त्याच चार बस बाबांनी स्वतःच्या टेंडरमध्येही दाखवल्या. ऑफिसात दोन्हींचे नंबर जुळले. तुझ्याकडे वकिलाने केलेला, रीतसर नोंदवलेला करार होता. बाबांकडे नुसती नंबरांची यादी. ते म्हणाले, या बस बाईंच्या. मग बाबांकडे उरल्या जुन्या. जुन्या चालत नाहीत, म्हणून बाबा बाद.

विहीण : अगं बाई. आणि स्वतःच्या टेंडरला करार-बिरार काही जोडला नाहीत तुम्ही?

व्याही : मला काय गरज? मला तिथला शिपाईसुद्धा नावाने ओळखतो. तुमचं तसं नाही. विहिणीचे कागद कच्चे निघाले असते तर उद्या लोकांनीच म्हटलं असतं, बघा, मुलाकडच्यांनी बाईला तोंडघशी पाडलं. ते मला चाललं नसतं. म्हणून तुमच्या कागदांना चांगला वकील लावला, स्वतः दोन चकरा मारल्या.

विहीण : मानपान फार सांभाळता बाई तुम्ही.

व्याही : सांभाळावा लागतो. आणि बघा कसा अंगाशी आला. हात दाखवून अवलक्षण.

सूनबाई : मी दोनदा सांगितलं होतं.

व्याही : कधी?

सूनबाई : एकदा कागद टाइप करताना. त्याच बस दोन्हीकडे येताहेत म्हटलं, तर म्हणालात, तू फक्त टाइप कर. मग रात्री पानावर बसल्यावर पुन्हा सांगितलं.

व्याही : तेव्हा काय म्हणालो?

सूनबाई : भाजी वाढ म्हणालात.

(व्याही चहाचा कप उचलतात आणि न पिताच खाली ठेवतात. मग खुर्ची ओढून बसतात.)

व्याही : ठीक आहे. झालं ते झालं, आता निस्तरू. विहीणबाई, तुम्ही एक कागद लिहून द्या. तब्येतीमुळे मला हा रूट झेपणार नाही, एवढंच. बाकीचं मी बघतो.

विहीण : माझी तब्येत उत्तम आहे, पण तुमच्यासाठी लिहीनही. मला कुठे बसच्या बस फिरवायच्या आहेत? मी नाही म्हटल्यावर रूट तुम्हाला मिळेल ना?

व्याही : म्हणजे काय. दुसरं कोण आहे?

सूनबाई : मामासाहेब आहेत.

व्याही : कोण मामासाहेब?

सूनबाई : तुमचे मेहुणे. तुम्ही बाद झालात, ते बाद झालेले नाहीत; त्यांनी बस दुसऱ्याकडून भाड्याने दाखवल्या होत्या. आईनंतर कमी दर त्यांचाच आहे. आईने सोडलं की त्यांना बोलावणार.

व्याही : मेहुण्याला? त्याला मी माझी स्कूटर देत नाही. मागे एकदा दिली तर पेट्रोल संपल्यावर लावली तिथेच, आणि चावी मला पोस्टाने पाठवली.

विहीण : मग त्यांनाही लिहून द्यायला सांगा.

सूनबाई : त्यांनी सोडलं तर टेंडर पुन्हा निघेल. या वेळी बाहेरच्या मोठ्या कंपनीचा माणूस ऑफिसात चौकशी करून गेलाय. त्यांच्याकडे पन्नास नव्या बस उभ्या आहेत. त्यांना सोबतीला कुणी लागणार नाही.

व्याही : तुला हे कुणी सांगितलं?

सूनबाई : शिपायाने. तो मलाही नावाने ओळखतो.

व्याही : म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

विहीण : आणि मध्ये विहीण.

व्याही : थट्टा सुचते तुम्हाला. बरं, मग असं करू. तुम्ही सोडूच नका. रूट तुमच्याच नावावर राहू दे. कागदावर तुम्ही, बाकी सगळं मी. गाड्या माझ्या, ड्रायव्हर माझे, डेपो माझा. तुम्हाला काही म्हणजे काही त्रास नाही. घरी बसा, मटार सोला, ऑफिसचं काही आलं तर सही करा.

विहीण : कागदावर मी.

व्याही : फक्त कागदावर.

विहीण : व्याहीबुवा, राग मानू नका, पण सोयरीक झाल्यापासून मी कागदावरच आहे. लग्नाचा हॉल तुम्ही ठरवलात. तारीख तुम्ही ठरवलीत. पत्रिकेत माझं नाव कुठे टाकायचं तेही तुम्हीच ठरवलंत, आणि इतकं बारीक टाकलंत की माझ्या सख्ख्या बहिणीला चष्मा लावूनही दिसलं नाही. पोरीची चांगली नोकरी होती, ती सोडायचं ठरलं. कुणी ठरवलं, मला अजून माहीत नाही. मी सगळ्याला हो म्हटलं. मुलीकडची ना मी.

व्याही : लग्नाचा आणि टेंडरचा काय संबंध?

विहीण : काही नाही. फक्त या एकाच कागदावर माझं नाव सगळ्यात वर आहे. मी सकाळपासून चारदा काढून बघितलं.

सूनबाई : आई.

विहीण : बघितलं, त्यात काय? हे गेल्यावर लोक म्हणाले, बाई व्हॅन विकून टाक. विकल्या नाहीत. पोरांना शाळेत सोडलं, आणलं, कुणाची बाटली राहिली, कुणाचा मोजा राहिला, सगळं घरोघर पोचवलं. पण अभिनंदन म्हणून कधी कुणी दारात आलं नव्हतं. मला बरं वाटलं, खरं सांगते.

व्याही : तुम्हाला बरं वाटलं. आणि माझं काय? माझी लाइन गेली, विहीणबाई. अहो, पहाटे पहिली बस सुटते तेव्हा मी डेपोच्या फाटकात उभा असतो. मी काही करत नाही तिथे. नुसता उभा असतो, ड्रायव्हर हात करतो, मी हात करतो. मुलगा काही या धंद्यात यायचा नाही. ही एवढी लाइन गेली तर मी सकाळी उठून जाऊ कुठे? घरात तर मी सगळ्यांच्या पायांत येतो.

सूनबाई : येता, हे खरं आहे.

विहीण : गप गं. असं बोलायचं होतं ना मघाशीच. आल्याबरोबर भांडायला कशाला उभे राहिलात?

व्याही : मागायची सवय नाही. मुलाकडचा ना मी.

विहीण : मग ऐका. मी रूट सोडत नाही. तुमच्या मेहुण्याला तर नाहीच नाही. लाइन चालेल, तुमचेच ड्रायव्हर चालवतील. पण डेपोत मी येऊन बसणार. रोज. कागदावर नाही, खुर्चीवर.

व्याही : कुठल्या खुर्चीवर?

विहीण : तिथे खुर्च्या किती आहेत?

व्याही : एकच आहे.

विहीण : मग प्रश्नच मिटला.

व्याही : आणि मी?

विहीण : गाड्या आणि ड्रायव्हर तुम्ही बघायचे. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही, आणि तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही. फाटकात उभं राहायचं कामही तुमच्याकडेच. आणि ऑफिस ही बघेल. पगार घेऊन.

व्याही : पगार? घरच्या माणसाला पगार?

विहीण : घरच्या माणसाने चूक दोनदा सांगितली. बाहेरच्या वकिलाने एकदाही सांगितली नाही, आणि फी मोजून घेतली.

व्याही : पण तेवढं परवडायला नको का?

सूनबाई : परवडेल, बाबा. आईचा दर तुम्हीच भरलाय. नक्की हरायचा म्हणून असा भरलाय की ऑफिसचा साहेब म्हणाला, बाईंची हिंमत मानली पाहिजे.

व्याही : एवढा चढा भरला होता मी?

सूनबाई : तुमच्या स्वतःच्या दरात आपण सहा महिन्यांत बसलो असतो. मी तेही सांगणार होते, पण तोवर तुमचं जेवण झालं होतं.

व्याही : म्हणजे माझ्या डोक्याने तुम्ही जिंकलात, माझ्या बसने तुम्ही जिंकलात, आणि आता मी तुमच्याकडे नोकरीला.

विहीण : नोकरी कशाला म्हणता? सोबतीला या.

व्याही : लोक हसतील.

विहीण : हसू देत. मुलीकडच्यांना हसतात तेव्हा काही होत नाही, मला सवय आहे. हळूहळू तुम्हालाही होईल.

व्याही : बरं. ठीक आहे. सूनबाई, उद्या जाऊन ऑफिसात काय काय लागतं ते बघून ये.

सूनबाई : बघून आले. सगळं होईल, एक गोष्ट सोडून. नव्या नियमात, ज्याच्या नावावर रूट त्याचीच खूण बसच्या दारावर लागते. जुनी पुसावी लागेल.

व्याही : दारावर माझे वडील आहेत.

विहीण : वडील?

सूनबाई : आजेसासऱ्यांचं चित्र आहे, आई. ते पैलवान होते. दंड थोपटून उभे आहेत. म्हणून तर लोक पैलवानाची बस म्हणतात.

व्याही : बसची चौकशीही तशीच करतात. पैलवानाची आली का, म्हणून विचारतात. बाप जाऊन इतकी वर्षं झाली, पण रोज थांब्याथांब्यावर त्याची वाट बघणारी माणसं आहेत.

विहीण : मला हे माहीत नव्हतं. नाही का चालणार गं, राहू दिलं तर?

सूनबाई : नाही चालणार. विचारलं मी. तुझ्या व्हॅनवर जी खूण आहे तीच लागेल, ती तुझ्या नावाने नोंदलेली आहे.

व्याही : काय आहे तुमच्या व्हॅनवर?

विहीण : जाऊ दे, आपण आणखी एकदा विचारून बघू.

व्याही : सांगा ना, काय आहे?

सूनबाई : ससा आहे, बाबा. पाठीला दप्तर लावलेला.

व्याही : ससा.

विहीण : पोरांना आवडतो म्हणून काढला होता हो. तुमचं मन होत नसेल तर राहू दे. मी खरंच लिहून देते सोडल्याचा कागद, मग मेहुणा येवो नाहीतर कंपनी येवो.

व्याही : नको. लिहू नका.

विहीण : नक्की?

व्याही : नक्की. फक्त पेंटरला म्हणावं, सशाचे दंड जरा भरदार काढ.