कानवाली सुगंधा

मंडळी, ऐका. आज प्रश्न असा, की शिकलेला माणूस कोणता? ज्याच्या भिंतीवर प्रमाणपत्रं आहेत तो, की शिकून ज्याच्यात काही फरक पडला तो? घाईनं उत्तर देऊ नका, प्रमाणपत्रवाले पुढंच बसलेत.

आंबेशेतच्या शाळेत घोसाळकर गुरुजी होते. माणूस कष्टाळू, पण प्रशिक्षणाचा भारी भक्त. तालुक्याला शिबिर निघालं, की गुरुजी डबा घेऊन हजर! एकदा तिथल्या तज्ज्ञांनी सांगितलं, की काही मुलं डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही हातांनी. ज्याची जी तऱ्हा, तसंच त्याला शिकवा. नुसतं बोलून शिकवू नका – हे त्यांनी दिवसभर नुसतं बोलून शिकवलं. गुरुजी भारावले.

परत आल्यावर त्यांनी वर्गाची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या छातीवर रंगीत फीत टाचली. डोळेवाले, कानवाले, हातवाले! देवानं एकाच देहात सगळं दिलं होतं. गुरुजींनी वाटणी करून टाकली. अधिकारी खूश. आदर्श वर्ग म्हणून नाव वर गेलं.

चौथीतली सुगंधा पाष्टे कानवाली निघाली. पोर चुणचुणीत, पूर्वी अंगणात काटकीनं नद्या काढत बसायची. एक दिवस गुरुजींनी नकाशा टांगला आणि तिला वाशिष्ठी नदी दाखवायला सांगितली. ती जागची हलेना. पुन्हा विचारलं, तेव्हा शांतपणे म्हणाली, "गुरुजी, मी कानवाली. मला नकाशा येणार नाही."

न येणारी मुलं गुरुजींनी पुष्कळ पाहिली होती. पण येणारच नाही ही खात्री या पोरीला त्यांनीच दिली होती. त्यांनी खाली बसून तिची फीत काढली, मग सगळ्यांच्या काढल्या. चूक माझी, असं वर्गाला सांगितलं आणि पोरांना ओढ्यावर नेलं. वाळूत नदी काढायची, बघायची, तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं – सगळ्यांनी सगळं. सुगंधा बराच वेळ लांब उभी होती. शेवटी आली, आणि वाळूत बोट घातलं.

अधिकाऱ्यांनी येऊन फिती कुठं म्हणून विचारलं. गुरुजींनी खरं ते सांगितलं. आदर्श वर्ग गेला, आणि वर शिक्षा मिळाली – पुन्हा तेच प्रशिक्षण!

हसता काय? तुम्ही वर्षानुवर्षं इथं येऊन माना डोलावता, आणि सख्ख्या भावाशी बोलणं बंद ते बंदच! ऐकणं पुरे झालं. प्रसाद नंतर. ज्याच्याशी अबोला धरलाय, तो याच मांडवात असेल. उठा, त्याच्या शेजारी जाऊन बसा.

मी थांबतो.