पोत्यावर छापलेलं

(पशुखाद्याच्या दुकानामागची खोली. कोपऱ्यात मिश्रणाची पोती रचलेली.)

वकील : पुन्हा एकदा घेऊ. घाबरायचं नाही, बाई. उद्या करखात्याचे साहेब तुम्हाला साक्षीला बोलावून विचारणार, हे मिश्रण जनावरांना कशाला देता?

मेहुणी : पोटाला. दुसरं कशाला देणार, अंगाला चोळायला?

वकील : बस्स! अगदी असंच बोला. खाद्य ठरलं तर जीएसटी माफ. नुसती वरून टाकायची खनिजांची पावडर ठरली, की कर लागला. तोही मागच्या सगळ्या वर्षांचा.

दुकानदार : मग दुकानाला कुलूपच.

मेहुणी : काहीतरीच काय भाऊजी! ताईनं उभं केलेलं दुकान आहे. आणि पोत्यावर 'पशुखाद्य' छापलंयच की. मला कुठं खोटं बोलायचंय?

वकील : किती घालता, ते विचारतील.

मेहुणी : सकाळी वाटीभर, संध्याकाळी वाटीभर. एकेका मेंढीला.

वकील : वा! मिटलं. वाटीनं घालतात ते खाद्यच. पावडर काय, लोक चमच्यानं देतात.

दुकानदार : वाटीनं? धाकटे, मेंढ्यांना घालतेस तू हे?

मेहुणी : म्हणजे काय! तुम्हीच नाही का टेम्पोत पोतं टाकून पाठवलंत, ताई गेल्यानंतर? म्हटलं, भाऊजींनी एवढ्या मायेनं पाठवलंय तर हात आखडता कशाला घ्यायचा.

दुकानदार : मला वाटलं, गाय आहे तुझ्याकडे.

मेहुणी : गाय विकून किती दिवस झाले! पण तुमचं तेव्हा लक्ष कुठं होतं.

दुकानदार : मेंढ्या बऱ्या आहेत ना?

मेहुणी : तेच सांगणार होते. दोघी खाली बसल्यात, उठायला तयार नाहीत. डोळे पिवळेधमक झालेत. गोठा कोंदट आहे आमचा, माझीच हयगय झाली. हे म्हणतात, आणखी खाऊ घाल, अंगात ताकद येईल. थांबा, घरी फोन करून विचारते. इथं रेंजच नाही मेली.

(ती फोन घेऊन बाहेर जाते.)

वकील : काय झालं? चेहरा का उतरला तुमचा?

दुकानदार : गाईचं मिश्रण आहे ते. तांबं असतं त्यात. गाईला चमचाभर पुरतं. मेंढीला तांबं सोसत नाही, लिव्हरमध्ये साठतं.

वकील : हळू बोला. उद्या तिच्यासमोर हे निघालं तर संपलंच सगळं. सोपं आहे, तिला सांगा, त्या पोत्याला बुरशी लागली होती, घालू नकोस. मेंढ्या वाचतील, माफीही वाचेल. बुरशी लागली तरी खाद्य ते खाद्यच.

दुकानदार : सुचतं बरं तुम्हाला.

वकील : त्याचेच पैसे घेतो. आली बघा.

मेहुणी : तिसरीही बसली. लघवी काळी होतेय म्हणतात. भाऊजी, माझं काय चुकलं हो?

वकील : बाई, ते पोतं जरा...

दुकानदार : तुम्ही थांबा. धाकटे, तुझं काही चुकलं नाही. पोतंही खराब नाही. पोत्यावर लिहिलंय ते खोटं आहे.

मेहुणी : म्हणजे?

दुकानदार : खाद्य नाही ते. चमच्यानं द्यायची पावडर आहे, आणि मेंढीला तर तेवढीही नाही. कर चुकवायला मी खाद्य छापून घेतलं.

मेहुणी : ताईला माहीत होतं?

दुकानदार : भांडली होती. मग म्हणाली, तुम्ही छापा काय छापायचं ते, गिऱ्हाइकाला मी सांगेन. आणि सांगायची. गल्ल्यावर बसून एकेकाला. चमचाच, हं. मेंढ्या असतील तर नेऊच नका. लोक चेष्टा करायचे, बाईसाहेब माल विकतात की परत पाठवतात म्हणून.

मेहुणी : आणि ती गेल्यावर?

दुकानदार : मी विकत राहिलो. तोंडच उघडत नव्हतं माझं तेव्हा. पैसे घ्यायचे, पोतं द्यायचं.

मेहुणी : आणि मला उद्या साहेबांपुढं उभं करणार होतात. वाटीनं घालते म्हणून सांगायला.

दुकानदार : तसंच सांग. वाटीनं घातलं आणि काय झालं, तेही सांग. पुढचं मी सांगतो.

वकील : अहो, दुकान जाईल.

दुकानदार : इतर कुणाकुणाच्या दावणीला गेलंय हे, ते शोधायचंय आधी. तुम्ही निघा आता.

मेहुणी : हा घ्या फोन, बाहेर रेंज येते. यांना तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून नाही निघायचं.

दुकानदार : (दाराबाहेर जाऊन) हॅलो, साडूभाऊ? मेंढ्यांपुढचं सगळं काढा आधी. आत्ता. डॉक्टरला बोलवा, तांबं पोटात गेलंय म्हणावं. ...हो, वाचलंत ना पोत्यावर? मीच छापलंय ते. काढा तुम्ही.