काचेमागचा साबालो

सन दोन हजार अठरा, ऑगस्ट महिना, म्हणजे जगाच्या या आमच्या दक्षिण टोकाला ऐन हिवाळा, आणि अशा थंडीत मला मासे बघायला नेलं, तेही तिकीट काढून... तुम्हाला सांगतो, मला! पन्नास वर्षं मी या नदीवर आहे, जाळं टाकतो, ओढतो, आणि माझी बायको इर्मा म्हणते, "म्हाताऱ्या, रोसारियोत मत्स्यालय झालंय, पेन्शनरांची बस जातेय, चल, नाहीतर मी एकटी जाते आणि तुझं जेवण तू कर." गेलो. करतो काय?

आत अंधार, काचा, आणि काचेमागं पाणी... स्वच्छ. आता पाराना नदीचं पाणी तुम्हाला ठाऊक आहे, हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. आणि इथं तळाचा खडा न् खडा दिसतोय. ही नदी म्हणे. मी आपला गप्प होतो, पण बसमधल्या चाळीस म्हाताऱ्यांना कळलेलं की हा मासेमार, मग काय, "लिसांद्रो, हा कुठला? लिसांद्रो, तो कुठला?" सांगत गेलो. सुरुबी. दोरादो. छाती फुगली हो, खोटं कशाला बोलू.

मग ती टाकी आली. त्यात एक मासा, थेट माझ्या तोंडासमोर, ओठ वाटीसारखे बाहेर काढून काचेचे मुके घेतोय. मासा आणि मुके? मी म्हणालो, "हा आपला नाही. बाहेरून आणलाय." माहिती सांगणारी मुलगी, मिकाएला, विशीतली, हळूच म्हणाली, "आजोबा, हा साबालो."

साबालो? अहो, साबालो मी रोज पकडतो, पन्नास वर्षं मी या नदीवर आहे... "पोरी," म्हणालो, "तुला कुणी शिकवलं? पुस्तकानं?" सगळे हसले. इर्मानं कोपर मारलं, "म्हाताऱ्या, हळू."

आणि तो मासा वळला.

आडवा झाला, आणि ती चंदेरी कूस, ते खवले, ती शेपटी... तोच. साबालोच. जाळ्यात येतो तेव्हा ओठ मिटलेले असतात, आणि त्या गढूळ पाण्यात तो जिवंतपणी काय करतो ते बघितलंय कुणी? मी ओळखला. त्याच क्षणी ओळखला. आणि तोंडानं काय म्हणालो? "आफ्रिकेतला आहे." पोरगी कानापर्यंत लाल झाली, म्हणाली, "असेलही, मीच चुकले असेन." चाळीस म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, कारण पन्नास वर्षं मी... जाऊ दे.

आठ दिवस सकाळचा माते, आमचा तो कडवट चहा, पुढ्यात तसाच गार होत राहिला. इर्मा म्हणाली, "पोटात दुखतंय का?" म्हणालो, "थंडी." बुधवारी एकटाच बसनं गेलो, तिकीट काढलं, कुठल्याशा दुसऱ्या गावची माणसं आली होती, त्यांच्या मागं उभा राहिलो. मिकाएलानं मला बघितलं, आणि त्या टाकीबद्दल काही न सांगताच पुढं निघाली.

"पोरी," म्हणालो, "ही राहिली."

ती थांबली. सगळेच थांबले. मी टोपी काढली.

"हा साबालो. गेल्या आठवड्यात या मुलीनं बरोबर सांगितलं होतं. मी ओळखला होता, आणि तरी चारचौघांत तिला खोटं पाडलं."

एक बाई म्हणाली, "तुम्हाला माशांतलं कळतं वाटतं?"

"पन्नास वर्षं," म्हणालो, "खाल्लेत."

मिकाएलानं माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुढच्या टाकीकडे वळली. मी टोपी घातली.