मोतीरामाची गेशा

हं, मृदंगवाले बुवा, जरा हळू! आता गाणं थांबलं, गोष्ट सुरू झाली.

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर देऊ नका, नुसतं मनात ठेवा. आंब्याला विचारलं, बाबा रे, तू कुठला? तर तो काय म्हणतो? काही म्हणत नाही! चावा घ्या, कळतं. पाण्याला विचारलं, तू कुठल्या विहिरीचं? एक घोट घ्या, कळतं. सगळ्या सृष्टीत कुणी आपलं गाव लपवत नाही. मग हा दोन पायांचा प्राणीच असा का? याला विचारलं, तू कुठला, कुणाचा, की याची जीभ का अडखळते?

माझी एक मोडकीतोडकी ओवी आहे, चालवून घ्या —

जैसी माती तैसा वास । झाड न धरी संकोच त्यास ।
माणूस मात्र घाली कुलूप । आपुल्याच जन्मस्थानास ॥

आता ऐका. गोष्ट आहे कॉफीची. हसलात? मागच्या रांगेतल्या आजी म्हणतायत, बुवा, कीर्तनात कॉफी? अहो आजी, उत्तररात्री डोळे मिटायला लागले की स्वयंपाकघरातून काय मागवता तुम्ही? मग!

आपल्या विदर्भात मेळघाटाच्या डोक्यावर चिखलदरा. थंड हवा, धुकं, खोल दऱ्या. तिथं कॉफी पिकते, हे आपल्यातल्या अर्ध्या लोकांना ठाऊक नाही. तिथल्या एका पाड्यावर झिंगूजी शनवारे नावाचे गवळी. डोक्याला पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडी. जन्म म्हशींमागं गेला. म्हशी राखता राखता उतारावर त्यांनी फणसाच्या आणि सिल्वर ओकच्या सावलीत कॉफीची झाडं लावली. मुलगा मोतीराम. एकुलता एक. अकोल्याला शेतकी शिकला, शर्ट पँटीत खोचायला लागला, इंग्रजी चार वाक्यं बोलायला लागला.

या मोतीरामाच्या डोक्यात एक वेड शिरलं. त्याचं नाव — गेशा! म्हणाल, हे काय? ही कॉफीची एक जात. मूळ आफ्रिकेतल्या जंगलातली. तिथून समुद्र ओलांडून पनामा नावाच्या देशात गेली आणि तिथल्या डोंगरावर अशी काही फुलली, की कपातून जाईचा वास! जगातले शौकीन तिच्यामागं वेडे झाले. मोतीराम म्हणाला, मी लावीन. चिखलदऱ्यात जाई फुलवीन कपात!

बी आणलं त्यानं. पण जगवलं कुणी? झिंगूजींनी. पहिल्या उन्हाळ्यात झरा आटला, तर हा म्हातारा खालच्या दरीतून हंडे आणायचा. रोपांवर पळसाची पानं खोचून सावली करायचा. म्हशीला जसं पाठीवरून हात फिरवून बोलतात ना, तसं रोपांशी बोलायचा. झाडं मोठी झाली. फुललं. लाल बोंडं लगडली. सोललं, वाळवलं, भाजलं, उकळलं. मोतीरामानं पहिला घोट घेतला —

आणि तोंड पडलं त्याचं. जाई नव्हती.

दुसरंच काही होतं. मोहाच्या मधासारखा जड गोडवा. आणि घोट उतरल्यावर, आवळा खाल्ल्यावर मागून पाणी कसं गोड लागतं, तसं काहीतरी. झिंगूजी म्हणाले, "चांगली लागते बावा! आपल्या रानासारखी लागते." मोतीराम म्हणाला, "बाबा, रानासारखी लागाले नाई पायजे. गेशासारखी लागाले पायजे."

पाहिलंत? इथंच पडली बरं ठिणगी. झाडानं मातीचं ऐकलं, याचा याला राग आला!

तरी पण बंगळुरूला एक मोठी चाखण्याची स्पर्धा होती, तिथं जायचं ठरलं. झिंगूजी म्हणाले, "मी येतो. आपली कॉफी मोठे लोक कसे पेतात, मले पाहू दे एकडाव." मोतीराम नाही म्हणू शकला नाही. निघाले बापलेक. म्हाताऱ्यानं नवं मुंडासं बांधलं, धोतर नीळ घालून धुतलं. पोतं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. पोराच्या शर्टाला सुरकुती पडू नये म्हणून!

बंगळुरू. काचेचा दिवाणखाना. थंडगार हवा. सगळे मळेवाले आलेले, कूर्गचे, चिकमगळूरचे. पिढ्यान् पिढ्या कॉफीतले. उंची कपडे, हळू आवाज. मोतीराम एका घोळक्यात उभा राहिला. तेवढ्यात एकानं सहज विचारलं, "मेळघाटात पण कोणी कॉफी लावतं म्हणे?" दुसरा हसून म्हणाला, "मेळघाट? तिथं वाघ असतात आणि उपाशी पोरं असतात. कॉफी कुठली!" हसले सगळे. वाईट माणसं नव्हती हो ती. पेपरात जे वाचलं ते बोलली. आणि त्याच क्षणी पहिला वळला मोतीरामाकडं — "तुम्ही कुठले?"

बघा मंडळी! किती छोटा प्रश्न! "तुम्ही कुठले?" यात कुणी तलवार काढली होती का? गळ्याला फास लावला होता का? पण मोतीरामाच्या तोंडून निघालं — "चिकमगळूरकडचा."

झालं! गाव गेलं. आणि गाव गेलं की पुढचं जायला वेळ लागत नाही. मागं झिंगूजी उभे. खांद्यावर पोतं, डोळे छताच्या झुंबराकडं. त्या माणसानं विचारलं, "आणि हे कोण?"

मोतीरामानं मान वळवलीसुद्धा नाही. म्हणाला, "नौकर है. पोतं उचलायला आणलाय."

झिंगूजींना हिंदी येत नव्हतं असं नाही. बाजाराला धारणीला, हिंदी मुलखाच्या सीमेवर, जाणारा गवळी तो. त्याला "नौकर" चांगलं कळतं. मोतीरामाला मागून एक पाऊल मागं सरकल्याचा आवाज आला. चपलेचा. फरशीवर.

का हो सरकले असतील? तुम्ही सांगा. मालकाच्या मागं गडी जेवढा उभा राहतो ना, तेवढ्या अंतरावर जाऊन उभे राहिले झिंगूजी! पोराचं खोटं उघडं पडू नये म्हणून!

[इथे टाळ नकोत. तसंच बसा.]

मग चाखणं सुरू झालं. लांब टेबल, त्यावर वाडगे. भरड कॉफी, वरून उकळतं पाणी. परीक्षक चमचा घेऊन येतात आणि असा फुर्रर्र करून ओढतात — अहो, आपल्या घरी असा आवाज केला तर आई पाठीत धपाटा घालेल! तिथं तो शिष्टाचार! मुख्य परीक्षक एक बाई. पोनप्पाबाई म्हणू. केस पिकलेले, साडी साधी. फुर्रर्र, पुढं. फुर्रर्र, पुढं. एका वाडग्यापाशी आल्या. ओढलं. थांबल्या. पुढं गेल्या, परत मागं आल्या. पुन्हा ओढलं. डोळे मिटले.

"हे कुणाचं?"

मोतीराम पुढं झाला. जिंकलो की काय!

बाई हिंदीत बोलल्या, मी आपल्या मराठीत सांगतो. "गेशा आहे. छान आहे. कुठली?"

"चिकमगळूरची."

"चिकमगळूरला कुठे? कोणत्या डोंगरावर?"

मोतीरामानं ऐकीव एक नाव ठोकून दिलं. बाईंनी चमचा खाली ठेवला.

"मी त्याच डोंगरावर जन्मले. माझ्या मळ्यात गेशा आहे. तिला तिथं संत्र्याच्या फुलाचा वास येतो. बी तेच, झाड तेच. पण झाड मुळांनी पितं, पाऊस पितं, ऊन पितं. डोंगर बदलला की बोलणं बदलतं तिचं. हा वाडगा माझ्या डोंगराचा नाही. इतकं कडक ऊन सोसून असं गोड झालेलं मी कधी चाखलं नाही. तुम्हाला ही कुठून आली हे माहीत नाही, म्हणजे ही तुमची नाही. कुणाचं पोतं उचलून आणलंत?"

काय प्रसंग! स्वतःच्या घरची कॉफी, स्वतःच्या बापानं हंड्या-हंड्यानं जगवलेली, आणि तिचाच चोर ठरला! खरं सांगितलं तर सुटतो. पण खरं सांगायचं म्हणजे मघाचं खोटं कबूल करायचं. आणि मघाचं खोटं तर तिथंच उभं होतं, मुंडासं बांधून. सगळ्यांच्या नजरा मोतीरामावर.

आणि मागून आवाज आला —

"बाईसाब, मालक का कसूर नहीं."

झिंगूजी! हात जोडलेले. "मेरा कसूर है. बोरा मैंने बदला. गाडी में बदल गया. मालक को मालूम नहीं."

मालक! जन्मदाता बाप पोराला म्हणतो, मालक! त्याच्या वाट्याची चोरी आपल्या डोक्यावर घेतो! आणि मोतीराम? तुम्हाला वाटलं, धावला, पाय धरले? नाही मंडळी. सिनेमात धावतात. मोतीराम उभा राहिला. मनात एकच आलं त्याच्या — सुटलो. हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलं. "मला पहिल्यांदा बरं वाटलं." ऐका ते! बरं वाटलं!

पोनप्पाबाई मोतीरामाला म्हणाल्या, "गडी प्रामाणिक आहे हो तुमचा. जपून ठेवा त्याला."

एका माणसानं झिंगूजींना खुणावलं, बाहेर व्हा. म्हातारा निघाला. उचलताना पोत्याचं तोंड सुटलं, चार दाणे फरशीवर सांडले. आता जो माणूस म्हशीच्या पायाखाली आलेलं कडब्याचं पानसुद्धा उचलतो, तो दाणे सोडून जाईल? वाकला. त्या चकचकीत फरशीवर गुडघे टेकले, आणि एकेक दाणा वेचून उपरण्यात घ्यायला लागला. सगळे बघतायत. कुणीतरी चुकचुकलं. मोतीरामाच्या तोंडून निघून गेलं —

"बाबा, राहू द्या."

पोनप्पाबाईंनी वळून पाहिलं. "बाबा?"

आता बघा हां! अजून पळवाट होती. हिंदीत कुठल्याही म्हाताऱ्याला बाबा म्हणतात. रिक्षावाल्याला म्हणतात, भिकाऱ्याला म्हणतात. मोतीराम एवढंच म्हणाला असता, हो, म्हातारा आहे म्हणून म्हटलं, तर मिटलं होतं. झिंगूजींनी खालून पाहिलं. त्यांची नजर तेच सांगत होती — म्हण. म्हणून टाक.

मोतीराम म्हणाला, "बाप है मेरा."

मग सगळं सांगितलं. चिखलदरा सांगितला, पाडा सांगितला, आटलेला झरा सांगितला. आवाज रडका झाला, मध्येच हिंदी संपलं, वऱ्हाडीत बोलला. "माह्या बापानं जगवली हे कॉफी. मी नुसतं बी आणलं." टाळ्या पडल्या का? नाही. त्या घोळक्यातले लोक आपापल्या कपात बघायला लागले. तेही लाजले असतील, काय सांगावं.

पोनप्पाबाई मग म्हणाल्या, "खोटं ठिकाण सांगितलं, तुम्ही स्पर्धेतून बाद. कॉफीला दोष नाही, तुम्हाला आहे." आणि तो वाडगा उचलून त्याच्या हातात दिला. "ज्याची आहे त्याला नेऊन द्या. त्यांनी चाखलीय का अशी, नीट केलेली?"

दाणे वेचून झाल्यावर झिंगूजी बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले होते. मोतीराम शेजारी बसला. वाडगा पुढं केला. म्हातारा प्यायला, दोन्ही हातांनी धरून. म्हणाला, "चांगली केली बाईनं."

मोतीराम रडत होता. "बाबा, मले माफ करा. मले तुमची लाज वाटली."

झिंगूजी म्हणाले, "ते समजलं मले. लेकराले वाटते कधी कधी."

वाडगा रिकामा झाला. तेव्हा म्हणाले —

"तू नौकर म्हणला, त्याचं वाईट नाई वाटलं रे. पण मी हात जोडून उभा रायलो ना, तवा मले काही शिकाच नाई लागलं. जन्मभर तसाच उभा रायलो लोकांपुढं. एकदम सोपं गेलं मले. त्याचंच वाईट वाटून रायलं."



पुढच्या हंगामात मोतीरामानं चिखलदरा नाव लावून कॉफी नेली. पहिला नंबर नाही आला. मधे कुठंतरी आला. पोनप्पाबाईंनी वाडग्यापाशी थांबून विचारलं, "वडील?" मोतीराम म्हणाला, "म्हैस विणार होती, म्हणून नाही आले." झिंगूजींनी तेच सांगितलं होतं त्याला. म्हैस खरंच विणार होती. पण म्हैस नसती, तर आले असते का? हे विचारायची हिंमत मोतीरामाला अजून झालेली नाही.

बघा बरं आता. मोतीरामाला नावं ठेवणं सोपं आहे. पण मला सांगा, मुलाच्या शाळेत पालकांच्या सभेला आईला का नाही नेलं? तिचं लुगडं नऊवारी म्हणून? साहेब घरी आले तेव्हा वडिलांना कुठल्या खोलीत बसवलं? फोनवर बोलताना शेजारी कुणी असलं, की गावच्या माणसाशी भाषा का बदलता? आणि त्यांना कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? सगळं कळतं त्यांना! तुमचं खोटं सांभाळायला ते आपण होऊन एक पाऊल मागं सरकतात, आणि तुम्ही म्हणता, आमच्या म्हाताऱ्यांना माणसांत यायला आवडतच नाही!

माना खाली गेल्या. जाऊ द्या. आज खाली गेलेली मान वाईट नाही, मंडळी. देव लाजलेल्या माणसाच्या जवळ बसतो, निर्लज्जाच्या नव्हे. पण लाजून इथंच बसून राहू नका. या मांडवाबाहेर चपला सांभाळत कुणाची म्हातारी बसलीय, कुणाचे वडील मागच्या खांबाला टेकून उभे आहेत, पुढं सतरंजीवर जागा असताना. आरती सुरू व्हायच्या आधी उठा, त्यांना हाताला धरून इथं पुढं आणा. आणि शेजाऱ्यानं विचारलं, हे कोण, तर मोठ्यानं सांगा.

आम्ही थांबतो तोवर. आणा. मगच पेटवू निरांजन.